चेहरा जसा आहे तसा मिळेल

अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर येथील समस्त नागरिकांना, त्यांच्या पै-पाहुण्यांना आणि मंडपात सर्वांत आधी येऊन पुढच्या खुर्च्या अडवणाऱ्या बालगोपाळांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाच्या डाव्या कानाची पाळी उजव्या पाळीपेक्षा दोन मिलिमीटर बाहेर आली होती. ही बाब सार्वजनिक महत्त्वाची आहे. ज्यांना हसायचे असेल त्यांनी मंडपाबाहेर जाऊन हसावे.

दवंडी मीच पिटतोय, कारण पिटणं हाच माझा धंदा आहे. मी निवेदक. चामटोलीतल्या हळदीला, पालेगावातल्या नव्या टॉवरच्या पूजेला, बदलापुरातल्या कुठल्याही मंडळाच्या बक्षीस समारंभाला, जो माणूस माईक धरून "आवाज येत नाहीये, जोरदार टाळ्या!" असं ओरडतो, तो मी. माझा आवाज बरा आहे. पण लोक खरे येतात ते माझी डावी भुवई बघायला. नवरदेवाचा उखाणा अडला की मी काही बोलत नाही, फक्त ती एकटी भुवई हळूहळू वर चढवतो. मंडप लोळतो. बावीस वर्षं मी ह्या भुवईवर घर चालवलंय.

पण पाळी काही मी शोधली नाही. ती शोधली शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या फोटो स्टुडिओतल्या काकांनी. गेल्या वर्षी ते स्टुडिओ आवरून मुलीकडे राहायला गेले आणि तिथे आता मोमोज मिळतात. मोमोज चांगले असतात. तरी मी त्या दारावरून जाताना चप्पल काढावी की काय असा विचार करतो.

काका फोटो काढताना कधी "स्माईल" म्हणाले नाहीत. "इकडे बघा" नाही, "रेडी" नाही. कॅमेऱ्यामागून एकच आज्ञा यायची: "थुंकी गिळा!"

नवीन गिऱ्हाईक दचकायचं. एका लग्नात त्यांनी मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाला हे इतक्या जोरात सांगितलं की भटजीसुद्धा गिळून बसले आणि पुढचा श्लोक विसरले. पण त्यामागे शास्त्र होतं. "माणूस कॅमेऱ्यासमोर बसला की तोंडात लाळ साठते," काका सांगायचे. "तो ती धरून ठेवतो. धरून ठेवलेला चेहरा चोराचा दिसतो. गिळली की अर्धा सेकंद माणूस खरा असतो. तेवढ्यात मी काढतो." आणि खरंच, ह्या तिन्ही गावांत आधार कार्डावर माणसासारखी दिसणारी जी काही माणसं आहेत, ती काकांची गिऱ्हाइकं आहेत.

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. चेहरे राहत. "अरे उजवी खळी, ये!" "काय नाकपुडी, मुलगा पास झाला का?" मी अर्थातच "डावी भुवई". माझ्या बायकोला मात्र ते वहिनी म्हणायचे. तिच्या चेहऱ्यात खूण नव्हती असं नाही, ती सांगायची हिंमत नव्हती. त्यांचं म्हणणं असं की एका चेहऱ्यात दोन चुलतभाऊ राहतात, डावा आणि उजवा. त्यांचं फारसं पटत नाही, ते फक्त नाकावर भेटतात. बघणाऱ्यानं दोघांनाही वेगवेगळा नमस्कार करावा.

हे ज्ञान आलं कुठून? स्टुडिओ टाकण्याआधी काका मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात तेवीस वर्षं फोटोग्राफर होते. शरीररचनेच्या विभागात. विच्छेदन केलेले भाग, काचेच्या बरण्या, ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे पेशंट, सगळे त्यांच्या कॅमेऱ्यातून गेले. "मेलेली माणसं फार सोशिक," ते म्हणायचे. "हलत नाहीत, आणि 'काका, जरा गोरं करा' म्हणत नाहीत."

जिवंत माणसं तसं म्हणतात, म्हणून दारावर पाटी होती. काकांच्या स्वतःच्या हातची, काळ्यावर पांढऱ्या अक्षरात: चेहरा जसा आहे तसा मिळेल.

गिऱ्हाईक रांगेत असलं की व्याख्यान फुकट. लाळेवर त्यांचं विशेष प्रेम. "तीन जोड्या आहेत ग्रंथींच्या. सगळ्यात मोठी कानापुढे, दुसरी जबड्याखाली, तिसरी जिभेखाली. दिवसाकाठी तांब्याभर लाळ देतात बिचाऱ्या, आणि माणूस ती फुकट रस्त्यावर टाकतो!" मग ते आपल्याला जीभ गालाच्या आतून फिरवायला लावायचे. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर एक बारीक उंचवटा लागतो, तिथे कानापुढच्या ग्रंथीची नळी उघडते. तो सापडला की चिंचेचं बुटुक समोर धरायचे. "आली? आली ना? नळाला पाणी आलं!" रांगेतली आठ माणसं एकाच वेळी जिभा फिरवतायत, हे दृश्य रस्त्यावरून कसं दिसत असेल ते तुम्हीच ठरवा.

एकदा चामटोलीची एक बाई रेशन कार्डासाठी फोटोला आली. काकांनी तिच्या जबड्याखाली बघितलं.

"जेवताना इथं सुजतं का?"

बाई घाबरली. "तुमाला कोनी सांगितला? जेवाय बसला का फुगतं, मंग आपोआप उतरतं. आंबट खाल्ला तर लईच."

"खडा आहे. नळीत अडकलाय. लाळ यायला बघते, वाट बंद. डॉक्टरकडे जा, घाबरायचं नाही."

निघाला खडा, तांदळाच्या दाण्याएवढा. ती तो पुडीत बांधून काकांना दाखवायला घेऊन आली. काकांनी त्याचा फोटो काढला, आणि बाईला पहिल्यांदा त्यांनी न सांगता थुंकी गिळता आली.

तर असा हा डोळा. आता हा डोळा मी कसा आंधळा केला ते ऐका. इथे मला माईक जरा तोंडापासून लांब धरावासा वाटतो.

नवरात्रात माझा दहा फुटी फ्लेक्स लागायचा होता. फोटो काकांनीच काढलेला. मी तो बघितला आणि म्हणालो, "काका, डावा गाल जरा आत घ्या ना."

"पाटी वाचता येते?"

"येते हो. पण इडली तोंडात असताना पकडल्यासारखा दिसतोय मी."

"गाल तुमचाच आहे."

"राहू द्या मग." मी उठलो. उठता उठता, देवा, माझ्या ह्याच जिभेनं म्हणालो, "स्टेशनजवळचा मोबाइलवाला दोन मिनिटांत करून देतो. आता ह्या वयात तुम्हाला नसेल जमत..."

काका जागीच थांबले. "नसेल जमत?"

जुन्या काळी हा माणूस शिसपेन्सिलीला सुईसारखं टोक काढून निगेटिव्हवर रिटचिंग करायचा. त्याच्या हातचा गाल सख्ख्या आईला ओळखू आला नसता. कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी माझा डावा गाल असा आत घेतला की मी दहा वर्षांनी लहान झालो. काम करताना पुटपुटले, "डावीकडून लाईट जास्त पडतोय. बल्ब बदलला पाहिजे." आणि बदललाही.

पुढच्या नवरात्रात गाल पुन्हा थोडा जास्तच. काकांनी गाल आत घेतला आणि लाईटची छत्री बदलली. तिसऱ्या वर्षी स्टुलाची जागा हलवली. मला वाटत होतं, वजन वाढलंय. बायकोचं मत होतं, "एकाच बाजूनं चावता, दुसरं काय होणार!" तीन वर्षं आम्ही तिघं मिळून दिवा, स्टूल आणि पोळीभाजीला दोष देत राहिलो, आणि दहा फुटी फ्लेक्सवर मी दरवर्षी अधिकाधिक देखणा होत गेलो.

मग आमच्या मुलीकडे परदेशी जायचं ठरलं. व्हिसाचा फोटो. फॉर्मवर स्वच्छ लिहिलं होतं की फोटोत काहीही बदल केलेला चालणार नाही, दोन्ही कान दिसले पाहिजेत.

मी बसलो. केस मागे घेतले. "थुंकी गिळा!" मी गिळली. खटका वाजला नाही.

"काका?"

काका कॅमेऱ्यामागून बाहेर आले. माझ्या समोर उभे राहून एकदा डाव्या पाळीकडे बघितलं, एकदा उजव्या. मग कानापुढे दोन बोटं ठेवली. "दात आवळा. सोडा. परत आवळा." बोटं पाळीखाली गेली, जिथे माणसाला एक खळगी असते. माझी भरलेली होती.

"दुखतं?"

"अजिबात नाही."

"दुखत असतं तर तुम्ही आधीच कुठेतरी गेला असता," असं म्हणून ते कॉम्प्युटरकडे वळले.

काकांनी जन्मात मूळ फोटो कधी पुसला नाही. तिन्ही नवरात्रांतले, हात न लावलेले फोटो त्यांनी छापले. आजचा चौथा. काउंटरवर ओळीनं मांडले आणि पारदर्शक पट्टी आडवी ठेवली, या कानापासून त्या कानापर्यंत. पहिल्या फोटोत दोन्ही पाळ्या शहाण्यासारख्या बसलेल्या, डावा गाल तेवढा पाळीखाली किंचित भरलेला. दुसऱ्यात डावी जरा वर. तिसऱ्यात बाहेर. चौथ्यात तर ती पाळी मागून कुणीतरी ढकलत असल्यासारखी.

"हे तिन्ही वेळा इथं होतं," काका म्हणाले. "मी पुसलं."

"मीच तर सांगितलं होतं पुसायला."

"तुम्ही गिऱ्हाईक. तुम्हाला दिसत नव्हतं. मला दिसत होतं, आणि मी बल्ब बदलला."

माफी वगैरे त्यांनी मागितली नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. ते बाहेर गेले, स्टुलावर चढले, पाटी उतरवली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. मग भर दुपारी साडेबाराला शटर खाली ओढलं. समोरचा हारवाला "कोण गेलं?" म्हणून विचारायला आला. "कुणी नाही," काका म्हणाले, "आणि जाणारही नाही," आणि मला रिक्षात घालून उल्हासनगरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले.

तिथे सुई घालून गाठीतल्या पेशी काढल्या. चार दिवसांनी रिपोर्ट आला. आता मी मुरलेला निवेदक. मोठमोठ्या नेत्यांची नावं पदव्यांसकट एका दमात घेतो. पण 'म्युकोएपिडर्मॉइड कार्सिनोमा' मला पहिल्या तीन प्रयत्नांत म्हणता आलं नाही. चौथ्यांदा आलं, आणि आल्यावर त्याचा अर्थ कळला. लाळग्रंथीचा कॅन्सर. डॉक्टर सांगत होते की ह्या ग्रंथीतल्या बहुतेक गाठी साध्या असतात. माझी साधी नव्हती, पण तिच्या जातीतली सगळ्यात मवाळ दिसत होती. कापून काढायची. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात.

"मग अडचण काय?" बायकोनं विचारलं.

अडचण काकांनी समजावली. स्टुडिओत, बंद शटरच्या आत. त्यांनी आपला पंजा माझ्या डाव्या गालावर ठेवला, तळवा कानापाशी आणि पाच बोटं फाकलेली. "चेहऱ्याची नस कानाखालून बाहेर येते आणि ह्या ग्रंथीच्या पोटातून जाते. ग्रंथीचं तिच्याकडे काही काम नाही, तिची वाट तेवढी तिथून आहे. आत तिच्या पाच फांद्या होतात." अंगठा माझ्या कपाळाकडे होता. "ही भुवई उचलते. ही डोळा मिटते. ही गाल. ही ओठाचा कोपरा. ही मानेवर. गाठ ह्या फांद्यांना चिकटली असेल, तर गाठीबरोबर नस जाईल. आत गेल्याशिवाय कळणार नाही."

मी म्हणालो, "म्हणजे भुवई..."

"अहो, जीव राहू दे आधी!" बायको कडाडली. "भुवईचं काय घेऊन बसलात?"

"वहिनी," काका शांतपणे म्हणाले, "ह्यांचा जीव भुवईतच आहे."

बायको रडली ती तेव्हा. मी रडलो नाही, कारण मला सगळा वेळ गालावर तो पंजा जाणवत होता. सत्तरीच्या माणसाचा.

मुंबईच्या सर्जनबाईंसमोर काकांनी एक फाइल ठेवली. चार फोटो, पट्टीसकट. मग आठ दिवसांत काढलेले आणखी चोवीस: समोरून, तिरका, बाजूनं, भुवया वर, डोळे मिटून, गाल फुगवून, दात दाखवून. प्रत्येकाखाली अंतर आणि लाईट लिहिलेला. बाईंनी सावकाश पानं उलटली. शिकाऊ डॉक्टर मागून माना लांब करून बघत होते.

"तुम्ही कुठल्या विभागात आहात, सर?"

"फोटो."

"नाही, म्हणजे डॉक्टर..."

"फोटो," काका म्हणाले. "आणि बाई, त्यात तीन वर्षं उशीर आहे. तो माझा आहे, पेशंटचा नाही. तेवढं लिहून घ्या."

बाईंनी चष्मा काढला. "लोक आमच्याकडे ह्याच्यापेक्षा खूप उशिरा येतात. फोटो ठेवून घेऊ? मुलांना शिकवायला?"

"प्रत ठेवा. मूळ माझ्याकडे राहील."

आजही तिथल्या मुलांना पाळी कशी उचलली जाते ते माझ्या कानावरून शिकवतात. मी कित्येक स्टेजवर उभा राहिलो, पण एवढी अभ्यासू मंडळी मला कधी मिळाली नव्हती. अभिमान वाटायचा तो मला वाटतोच. पण त्या दिवशी काका त्या टेबलापुढे जसे उभे होते, इस्त्रीचा शर्ट, हात मागे बांधलेले, चूक स्वतःच्या नावावर लिहून देताना मान जराही न झुकलेली, त्याचा अभिमान वेगळा. तो मला कुठल्याही माईकवर नीट सांगता आलेला नाही.

ऑपरेशन बरेच तास चाललं. शुद्धीवर आलो तर बाई वाकून म्हणत होत्या, "गाठ पूर्ण निघाली. नस चिकटलेली नव्हती, पाचही फांद्या शाबूत आहेत. पण त्यांना बाजूला सारावं लागलं, त्या रुसल्यात. उठतील. किती दिवसांत ते सांगता येणार नाही." पुढे तपासणीत गाठीच्या कडा स्वच्छ निघाल्या, किरणांचा शेक घ्यावा लागला नाही. पण त्या दिवशी आरशात बघितलं तेव्हा काकांचे दोन चुलतभाऊ मला स्पष्ट दिसले. उजवा घाबरलेला. डावा झोपलेला.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला काका वॉर्डात आले, कॅमेऱ्यासकट. नर्स अडवायला धावली. "ओ काका, इथं फोटो अलाउड नाही!" बाईंचीच परवानगी होती, हे कळल्यावर ती बाजूला झाली आणि नंतर स्वतःच पडदा धरून उभी राहिली.

तेव्हापासून दर मंगळवारी मी स्टुलावर. आज्ञा त्याच. "भुवया वर. डोळे मिटा. गाल फुगवा. शिट्टी. दात दाखवा." पहिला आला डोळा. पाचव्या मंगळवारी भुवई, दारातून डोकावल्यासारखी, अर्धीच. मी स्टुलावरून उतरून नाचलो. काकांनी फक्त तारीख लिहिली. गाल आला. शिट्टी आली, सुरात नाही, पण ती आधीही नव्हती.

ओठाचा डावा कोपरा मात्र आला नाही. हसलो की तोंड एकीकडे जायचं. चहा त्याच बाजूनं गळायचा. हळदीच्या सुपाऱ्या मी परत पाठवत होतो, कारण अर्ध्या हसण्यावर लोक पूर्ण टाळ्या देत नाहीत. ते कीव करतात, आणि कीव आली की विनोद मेला. एका मंगळवारी बायको म्हणाली, "काका, आता ती पाटी तरी लावा. किती दिवस भिंतीला तोंड लावून बसलीये ती."

"अजून नाही, वहिनी," काका म्हणाले. "कोपरा वर येऊ दे."

तेव्हा मला कळलं की स्टुलावर मी एकटा बसत नव्हतो.

नंतरचा एक मंगळवार. स्टुडिओत एक सिंधी बाई बसल्या होत्या, उल्हासनगरच्या, पापडाचा घरगुती धंदा करणाऱ्या. पासपोर्ट साईज फोटो हवे होते. मी आधी आलो होतो म्हणून त्या मांडीवर पर्स ठेवून वाट बघत होत्या. त्यांना आमच्यातलं काहीच माहीत नव्हतं.

"भुवया वर."

मी केल्या. खटका.

"डोळे मिटा." खटका. "गाल फुगवा." खटका. "शिट्टी."

"ये क्या, कसरत है क्या कोई?" बाईंनी माझ्या बायकोला हळूच विचारलं. बायकोनं तोंडावर बोट ठेवलं.

"दात दाखवा."

मी दाखवले. खटका वाजला नाही.

मी तसाच धरून बसलो. गालात काहीतरी ओढल्यासारखं वाटत होतं, पण तसं मला दर मंगळवारी वाटायचं. काका कॅमेऱ्याला डोळा लावून उभे. मग त्यांनी डोळा काढला, शर्टाच्या बाहीनं पुसला, परत लावला. बोट बटणावर होतं आणि खाली जात नव्हतं. तेवीस वर्षं मुडदे आणि वीस वर्षं नवरदेव काढलेला माणूस, एका साध्या खटक्याला अडला होता. बायको माझ्याकडे बघत उभी राहिली. तिचा हात हळूहळू तोंडावर गेला. काय झालं ते मला विचारता येईना, कारण मी दात दाखवत होतो.

सिंधी बाईंनी घड्याळ बघितलं. बाहेर बघितलं. माझ्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि त्यांचा धीर सुटला:

"अरे काका, एवढा मस्त तर हसतोय हा माणूस! काढा ना आता फोटो, माझी रिक्षा खडी आहे बाहेर!"